कोपरामागची गाठ

भुवया कराव्या तर दिपालीनंच, असं दारव्ह्यातल्या बायका सांगायच्या. दुसरीकडे डोळ्यांतून पाणी निघतं, दिपालीच्या हाताखाली डुलकी लागते. दोऱ्याचं एक टोक दातात, बाकीचा दोरा दोन्ही हातांच्या बोटांत ताणलेला, आणि तो असा सरसर फिरायचा की खुर्चीतल्या बाईला समजेपर्यंत काम झालेलं असायचं. लग्नसराईत तिच्या पार्लरच्या पायरीवर चपला ठेवायला जागा उरत नसे. नवरी सजवायला थेट पुसदहून बोलावणं यायचं.

घरचंही बरं चाललेलं. नवरा संजय कृषी केंद्र सांभाळायचा. सासरे किसनराव सोसायटीचे माजी अध्यक्ष, गावात कुणाचं भांडण मिटवायचं असलं की आधी त्यांना बोलावणं जायचं. सासूबाई विमलताई तोंडानं तिखट, पण सुनेच्या कमाईचं कौतुक चारचौघींत करणाऱ्या. धाकटा दीर अक्षय पुण्याला कंपनीत लागलेला, त्याच्यासाठी मुली पाहणं सुरू होतं. आणि दिपाली-संजयची समीक्षा, चौथीतली, आजोबांच्या मागेमागे फिरणारी.

सुरुवात दोऱ्यापासून झाली. डाव्या हातातून दोरा सुटायला लागला. दिपालीनं आधी दोऱ्यालाच नावं ठेवली, दुसरी रीळ आणली. तोही सुटला. मग एका दुपारी ती एका गिऱ्हाइकाच्या हाताला वॅक्स लावत होती. डावा हात टेबलावर टेकलेला. एकदम कातडी जळाल्याचा वास आला आणि समोरची बाई ओरडली, "अवो दिपाली, हात! तुमचा हात!"

तिच्या करंगळीखालची कड वॅक्सच्या तापल्या भांड्याला चिकटलेली होती. हात उचलला तर साल निघून आलं. दुखलं मात्र काहीच नाही. दिपाली हसली. म्हणाली, "पाहा, कामाची किती सवय झाली माह्या हाताले!" गिऱ्हाइकही हसलं. पुढं कितीतरी दिवस तिला ते हसणं आठवून स्वतःचाच राग यायचा.

संजय तिला एका हाडांच्या डॉक्टरकडे घेऊन गेला. त्यानं मानेचा एक्स-रे काढला आणि सांगितलं, मणक्यात झीज आहे, दिवसभर मान वाकवून काम करता ना. पट्टा दिला, इंजेक्शनं लिहून दिली. भर उन्हाळ्यात दिपाली मानेला पट्टा बांधून नवऱ्या सजवत राहिली. फरक पडेना म्हणून दुसरा डॉक्टर केला, तो म्हणाला, मनगटात नस दबलीय. तिसऱ्यानं ताकदीच्या गोळ्या दिल्या. वर्षाच्या वर गेलं. डाव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट आत वळायला लागलं होतं. हात पसरला तरी ती दोन बोटं काही उघडत नसत. एवढ्या डॉक्टरांत कुणी तिची बाही कोपराच्या वर सारून पाहिली नाही.

ती पाहिली शेवटी दिपालीनंच. आंघोळ करताना कोपराच्या आतल्या बाजूला, हाडाच्या मागं, बोराएवढी गाठ हाताला लागली.

चौथा डॉक्टर सर्जन होता. त्यानं गाठ चिमटीत धरून पाहिली आणि त्याचा चेहरा गंभीर झाला. "काढावी लागेल. पण आधी यवतमाळला सुई टाकून तपासून घ्या. ही साधी आहे की वाईट, ते कळू द्या."

'वाईट' म्हणजे काय ते त्यानं सांगितलं नाही आणि कुणी विचारलंही नाही.

त्या आठवड्यात दिपालीला सासरच्यांनी फुलासारखं जपलं. विमलताईंनी तिला स्वयंपाकघरात पाऊल टाकू दिलं नाही. गजानन महाराजांचा गुरुवार धरला. शेजारपाजारच्या बाया नारळपाणी घेऊन यायच्या, हात हातात घेऊन बसायच्या. "काही नाही होत बाई, आता सगळ्यावर औषध हाय," म्हणायच्या आणि बाहेर पडताना पदर डोळ्याला लावायच्या. विमलताई तिच्या केसांना तेल लावताना म्हणाल्या, "माही लेक असती तरी मले एवढी काळजी वाटली नसती." दिपालीला रडू फुटलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण त्या घरात आपण इतक्या लाडाच्या आहोत हे तिला त्या गाठीनं सांगितलं.

यवतमाळच्या दवाखान्यात सुई टाकणाऱ्या डॉक्टर होत्या उज्ज्वला राठोड. वयानं दिपालीएवढ्याच. त्यांनी सुईला हात लावण्याआधी दोन्ही कोपरं चाचपली. एकदा उजवं, एकदा डावं, पुन्हा उजवं. मग गाठीच्या वर आणि खाली बोट फिरवलं.

"ही गाठ एकटी नाही. ही नस बघा, वरपासून कशी दोरीसारखी जाड झालीय. गाठ तिच्याच पोटात आहे. अंगावर कुठे फिकट चट्टा? बधिर जागा?"

"नाही. माह्या कामात कातडीकडंच लक्ष असते मॅडम. अंगावर काही नाही."

तरीही डॉक्टरांनी पडदा ओढून, खिडकीच्या उजेडात तिची पाठ, मांड्या, सगळं पाहिलं. खरंच काही नव्हतं.

"सुई बारीक आहे, नेहमीच्या इंजेक्शनपेक्षाही. क्षणभर करंट बसल्यासारखं होईल. हात मात्र ओढायचा नाही."

दिपालीनं तोंड भिंतीकडं केलं. सुई आत गेली आणि कोपरापासून थेट करंगळीच्या टोकापर्यंत वीज धावली. ती किंचाळली, पण दुखलं म्हणून नाही.

"मॅडम, माहं बोट! माह्या बोटाले लागलं!" वर्षभर मेलेलं बोट त्या क्षणी जिवंत झालं होतं. तिला वाटलं, चला, आत जीव आहे अजून.

डॉक्टर हसल्या नाहीत. त्यांनी सुईत आलेला पिवळट पांढरा, साईसारखा घट्ट थेंब काचेच्या पट्टीवर सोडला, दुसऱ्या पट्टीनं पसरवला. अशा चार-पाच पट्ट्या केल्या आणि म्हणाल्या, "बाहेर थांबा. काही पट्ट्या आजच रंगवून बघते."

बाकावर संजय तिच्या शेजारी बसला होता. त्यानं तिचा तो वाकडा हात आपल्या मांडीवर घेतला होता. "कॅन्सर नसला तं शेगावले पायी जाईन," तो म्हणाला. थोड्या वेळानं पुन्हा म्हणाला, "दोघंई जाऊ."

दुपार कलताना आत बोलावलं.

"गाठ कॅन्सरची नाही," डॉक्टर म्हणाल्या.

पुढचं ऐकायला संजय थांबलाच नाही. खिशातून फोन काढत तो दाराबाहेर पळाला. त्याचा आवाज आतपर्यंत येत होता, "आई, नाही! नाही म्हणतो ना, कॅन्सर नाही!"

दिपालीही उठत होती. डॉक्टर म्हणाल्या, "बसा. अजून सांगायचं आहे."

मग त्यांनी सावकाश सांगितलं. सुईत ज्या पेशी आल्या त्या वेगळंच बोलत होत्या. शरीर कुणाशी तरी झगडत होतं, आणि ते कोण तेही शोधून शोधून एका पट्टीवर सापडलं होतं. कुष्ठरोगाचे जंतू. कधीकधी ते कातडीवर काहीच उमटू देत नाहीत, थेट नसेत घर करतात. म्हणून कुणाला संशय येत नाही. बाहेर चट्टा नाही, म्हणजे तो रोग नाही, असं धरून चालतात.

"औषध आहे. फुकट मिळतं. तुम्ही बऱ्या व्हाल. तुमच्यापासून दुसऱ्याला होण्याची भीती जवळजवळ नाही आणि गोळ्या सुरू झाल्या की तीही उरत नाही. फक्त..." त्यांनी दिपालीचा हात उचलून त्या दोन बोटांकडं पाहिलं. "नसेचं नुकसान बरंच झालंय. वर्षभर आधी कोपर कुणी चाचपलं असतं तर ही बोटं वाचली असती."

तेवढ्यात संजय हसत आत आला. "घरी सांगतलं. आई तं रडूनच राह्यली." डॉक्टरांनी त्याला पुन्हा पहिल्यापासून सगळं सांगितलं. ऐकता ऐकता त्यानं दिपालीच्या खुर्चीच्या पाठीवरचा हात काढून घेतला.

"हा आजार बहुधा जवळच्या, वर्षानुवर्षांच्या सहवासातून येतो," डॉक्टर म्हणाल्या. "घरातल्या सगळ्यांची तपासणी करावी लागेल. घरात कुणी असं आहे का, चेहरा तुकतुकीत झालाय, कानाच्या पाळ्या जाड झाल्यात, भुवया बाहेरच्या बाजूनं झडल्यात?"

 भुवया हाच दिपालीचा धंदा. मागच्या वर्षी सोसायटीत किसनरावांचा सत्कार होता. फोटोसाठी तयार होताना त्यांनी तिला खोलीत बोलावून घेतलं होतं. त्यांच्या भुवया अर्ध्याच उरल्या होत्या. पेन्सिलीनं तिनं त्या पुऱ्या केल्या, तोवर ते लहान मुलासारखे डोळे मिटून बसले होते. मग म्हणाले होते, "कोनाले सांगू नको बाई." म्हाताऱ्या माणसाची हौस समजून ती मनात हसली होती. त्यांच्या चेहऱ्याला या वयात काय तेज आहे, असं गाव म्हणायचं. तीही म्हणायची.

तिनं संजयकडं पाहिलं. संजयनं तिच्याकडं पाहिलं नाही.

"नाही मॅडम," तो म्हणाला. "आमच्या घरात असं कोनी नाही."

दारव्ह्याला पोचले तेव्हा विमलताई पेढ्यांचा डबा घेऊन दारातच उभ्या. शेजारच्या चार बाया जमलेल्या. विमलताईंनी सुनेवरून मीठमोहऱ्या उतरवल्या, तिच्या तोंडात स्वतःच्या हातानं पेढा घातला. दिपालीनं तो गिळला. बाया गेल्यावर संजयनं दार लावून घेतलं आणि उभ्याउभ्याच सगळं सांगून टाकलं.

विमलताई खाली बसल्या. कितीतरी वेळ त्या डब्यातल्या पेढ्यांकडं पाहत होत्या. मग म्हणाल्या, "ह्याच्यापेक्षा कॅन्सर असता तं बरं झालं असतं. लोकाईले सांगता तरी आलं असतं."

दिपाली समोरच उभी होती. आदल्या दिवशी तिच्या केसांना तेल लावणारे हात तेच होते.

दुसऱ्या दिवसापासून तिचं ताट वेगळं झालं, पेला वेगळा, पांघरूण वेगळं. समीक्षाला आजीच्या खोलीत नेऊन झोपवलं. पार्लरवर संजयनं 'काही दिवस बंद' अशी पाटी लावली. विमलताईंनी गोष्ट फक्त आपल्या बहिणीला सांगितली होती, पण दारव्ह्यात तेवढं पुरेसं असतं. नारळपाणी घेऊन आलेल्यांपैकी एकही फिरकली नाही. एकीचा फोन मात्र आला. तिच्या मुलीचं लग्न दिपालीनंच सजवलं होतं. ती म्हणाली, "मी कोनाले काही बोलत नाही दिपाली, पन खरं सांग. माह्या पोरीच्या तोंडाले काही होनार तं नाही ना?"

किसनराव मात्र काहीच बोलले नाहीत. सुनेचं ताट वेगळं करा म्हणाले नाहीत आणि करू नका, असंही म्हणाले नाहीत. सकाळी लवकर जेवून शेतात जायचे. संध्याकाळी आले की समीक्षा त्यांच्या मांडीवर. स्वतःच्या ताटातला घास ते नातीला भरवायचे आणि दिपाली दारातून पाहायची.

चार दिवस तिनं पाहिलं. पाचव्या दिवशी सकाळी किसनराव ओसरीत पेपर वाचत होते. विमलताई देवळात गेलेल्या. दिपाली समोर जाऊन उभी राहिली.

"मामाजी, डॉक्टरीनबाईनं घरच्या सगळ्याईले तपासाले सांगतलं."

"पाहू."

"पाहू नाही. तुमाले माहीत हाय मी काय म्हनून राह्यली ते. तुमच्या भुवया मीच भरल्या होत्या."

किसनरावांनी पेपरची घडी केली. रागावतील असं तिला वाटलं होतं. ते रागावले नाहीत.

"बस," ते म्हणाले.

ती बसली नाही. त्यांनी आवाज खाली केला आणि सांगितलं. बारा-तेरा वर्षांपूर्वी पाठीवर चट्टे उठले होते. इथं कुणाला कळू नये म्हणून नागपूरला जाऊन दाखवलं. गोळ्यांनी कातडी काळी पडायला लागली, सोसायटीतले लोक विचारायला लागले, काय झालं अध्यक्षसाहेब. त्या वर्षी निवडणूक होती. गोळ्या बंद केल्या. विमलताईंनाही कधी सांगितलं नाही.

"तव्हा मी या घरात नवी सून होती," दिपाली म्हणाली. "माहे पाय लागले तव्हापासून मी तुमचं धुणं धुतलं, आजारपण काढलं. एक शब्द बोलले असते तं..."

"आता झालं ते झालं. ऐक माहं. अक्षयचं जुळत आलं हाय. घरानं मोठं हाय. त्याचं साक्षगंध होऊ दे, लग्न लागू दे, मंग मी सोता जाऊन गोळ्या सुरू करतो. तुह्या गळ्याची शपथ. तवर तू माहेरी जाऊन राह्य, यवतमाळले, अमरकडं. तुहं तं काय, सगळ्याईले मालूमच झालं. माहं कायले उघडं करते?"

"अन् समीक्षा? तुमच्या ताटात जेवते ते."

"पोरीले काय होते?" किसनराव म्हणाले आणि पेपर पुन्हा उघडला.

तिनं ते सगळं संजयला सांगितलं.  तो वडिलांना विचारायला गेला आणि परत आला तो वेगळाच होऊन आला. "बाबा म्हनते, सुनबाईच्या डोक्यावर परिनाम झाला. सोताचं झाकाले ती माह्यावर ढकलून राह्यली."

"तुमाले काय वाटते?"

"मले काय वाटते! बाप हाय माहा."

"त्याईच्या भुवया पाहा. पाठ पाहा एकदा. बनेन काढाले सांगा."

"बापाले कपडे काढाले सांगू?" संजय ओरडला. "तुले लाज वाटते का काही?"

तो जे म्हणाला नाही ते दिपालीला समजलं. त्यानं पाहिलं असतं तर त्याला ते दिसलं असतं. म्हणून तो पाहत नव्हता.

तपासणीचे लोक आले. जीपमधून एक सिस्टर आणि एक कर्मचारी. विमलताईंनी त्यांना चहा दिला, स्वतःला तपासून घेतलं, संजयनंही घेतलं. दोघं ठीक होते. "यजमान?" सिस्टरनं विचारलं.

"ते बाहेरगावी गेले," विमलताई म्हणाल्या. "नातीची शाळा हाय. तुमी पुढच्या महिन्यात या."

दिपाली आतल्या खोलीच्या उंबऱ्यावर उभी होती. तिथून पुढं यायची तिला घरात मनाई होती. ती पुढं आली.

"मामाजी शेतात हायेत. अन् शाळा रस्त्यातच लागते. चला, मी दाखवते."

"दिपाली!" संजय म्हणाला. ती चपला घालून जीपमध्ये बसलीसुद्धा.

शेतात कापूस वेचणाऱ्या बाया होत्या. किसनराव मोटारीच्या पाण्याखाली आंघोळ करत होते, उघड्या अंगानं, पाठ रस्त्याकडं. त्यांना तिथं कुणाची भीती नव्हती. मजुरीच्या बाया मान वर करून मालकाच्या पाठीकडं कधी पाहायच्या नाहीत. जीपचा आवाज ऐकून ते वळले. दिपालीला उतरताना पाहिलं. तोंडावरचं पाणी त्यांनी हातानं निपटलं आणि टॉवेल खांद्यावर घेतला, पण आता त्याचा उपयोग नव्हता. त्यांच्या सगळ्या पाठीवर, दंडांवर लालसर तुकतुकीत चट्टे होते.

कर्मचारी बिचारा नम्रपणे म्हणाला, "काकाजी, जरा सावलीत येता का?"

किसनराव सावलीत आले. कानाच्या पाळीतून नमुना घेताना त्यांनी मान हलवली नाही. फक्त दिपालीकडं पाहून म्हणाले, "झालं तुह्या मनासारखं?" कापूस वेचणाऱ्या बाया उभ्या राहून पाहत होत्या.

परतताना शाळेत समीक्षाला बाजूच्या खोलीत घेतलं. सिस्टरनं तिला डोळे मिटायला लावले आणि कापसाच्या वातीनं अंगावर ठिकठिकाणी शिवलं. समीक्षा बोट ठेवून अचूक दाखवत होती, इथं, इथं, इथं. हसत होती, गुदगुल्या होतात म्हणाली. मग सिस्टरनं वात पाठीवर, खांद्याच्या फऱ्याखाली टेकवली. तिथं रुपयाएवढा एक फिकट डाग होता. आजीनं तो जंताचा डाग म्हणून सोडून दिला होता. समीक्षा वाट पाहत उभी राहिली. "आता कुठं?" तिनं विचारलं.

वात तिच्या पाठीवरच होती.

दिपाली शाळेच्या ओट्यावर येऊन बसली. तिला आनंद झाला होता की दुःख, हे तिचं तिलाच उमगत नव्हतं. लवकर सापडलं, सहा महिन्यांच्या गोळ्यांनी मागमूस राहणार नाही, असं सिस्टर तिच्या पाठीवर हात ठेवून सांगत होती. कितीतरी दिवसांनी कुणीतरी तिला हात लावला होता.

तिला वाटलं होतं, आता तरी खरं काय ते घरादाराला कळेल. किसनरावांच्या नमुन्यात जंतूंची दाटी निघाली. पण दारव्ह्यानं त्यातून वेगळाच अर्थ काढला. रिपोर्ट आधी कुणाचा आला? सुनेचा. मग सासऱ्याचा, मग नातीचा. सून पार्लरवाली, परक्या बायांच्या तोंडाला हात लावणारी. तिनं बाहेरून आणला आणि घरात वाटला. ज्या अध्यक्षांनी गावाची इतकी भांडणं मिटवली त्यांच्यावर काय ही वेळ आली! ओसरीत भेटायला येणाऱ्यांसमोर किसनराव नुसती मान हलवायचे. एक शब्द खोटा बोलत नसत. फक्त खरं सांगत नसत. पुढं पुढं लोकांनी इतक्यांदा म्हटलं की तेही म्हणायला लागले.

अक्षयची सोयरीक मोडली. त्याचा पुण्याहून फोन आला. "वहिनी, दोन महिने थांबल्या असत्या तर काय झालं असतं?"

दिपाली डॉक्टर उज्ज्वलांकडं गेली. म्हणाली, "मॅडम, एवढं लिहून द्या. मामाजीचा आजार जुना हाय, माहा त्याईच्यापासून आला. तुमच्या सही-शिक्क्याचं असलं तं लोक मानतीन."

डॉक्टर म्हणाल्या, "त्यांचा प्रकार पसरणारा आहे, तुमचा नाही, हे कुणालाही तोंडानं सांगायला मी तयार आहे. घरच्यांना इथे घेऊन या, मी समजावते. पण कुणाचा कुणापासून आला ते लिहून नाही देता येत. जंतूवर नाव नसतं, दिपालीताई."

घरून कुणीच समजून घ्यायला आलं नाही.

समीक्षाला आपल्याजवळ ठेवायचं म्हणून दिपालीनं भांडायची तयारी केली होती. भांडावं लागलंच नाही. डाग निघाला त्याच आठवड्यात विमलताईंनी नातीची बॅग स्वतः भरली. फ्रॉक, दप्तर, रंगांची पेटी, सगळं नीट घडी करून. "आईजवळच बरी राहीन ते," म्हणाल्या. संजय दोघींना बसस्टँडवर सोडायला आला. पाण्याची बाटली घेऊन दिली. बस सुटेपर्यंत थांबला नाही.

किसनरावांचं ताट मात्र वेगळं झालं नाही. घर त्यांच्या नावावर होतं, शेत त्यांच्या नावावर होतं. विमलताई त्यांना वेळेवर गोळ्या द्यायच्या, गरम पोळी वाढायच्या. हे दिपालीला कुणी मुद्दाम सांगितलं नाही, समीक्षाच सांगायची. आबाजींचा, म्हणजे आजोबांचा, तिला रोज फोन यायचा.

भाऊ अमर यवतमाळला लोहाऱ्याच्या बाजूला राहायचा. त्यानं जवळच एक खोली पाहून दिली, आणि स्वतःच्या बायकोमुलांना तिकडं फारसं पाठवलं नाही. दिपालीला औद्योगिक वसाहतीत डाळीच्या पाकिटांना शिक्के मारायचं काम मिळालं. तिथं तिनं सांगितलं, हात लहानपणी मोडला होता. गाठीतला पू काढून झाला, गोळ्यांनी दुखणं थांबलं. दवाखान्यात शिकवलेला व्यायाम ती न चुकता करायची, बोटांना पट्टी बांधायची. अनामिका थोडी सरळ झाली. करंगळी झाली नाही. एकदा तिनं सहज दोरा हातात घेऊन पाहिला, दातात एक टोक धरलं, बोटांत ताणला. डाव्या हातातून तो घसरला. तिनं तो गुंडाळून ठेवून दिला.

समीक्षाचे सहा महिने पुरे झाले. शेवटच्या तपासणीला डॉक्टरांनी पुन्हा तिला डोळे मिटायला लावले. फऱ्याखाली कापूस टेकला. समीक्षानं लगेच हात मागं नेला आणि बोट ठेवलं, नेमकं त्याच जागी. डाग रंगात मिसळत आला होता.

"शाब्बास," डॉक्टर म्हणाल्या. "आता इथे यायचं नाही हं."

दिपालीनं बाहेरच्या गाडीवरून संत्री घेतली. दोघी दवाखान्याच्या कुंपणाच्या सावलीत बसल्या. संत्रं डाव्या तळव्यात दाबून धरून ती उजव्या हातानं सोलत होती. समीक्षा तिच्या त्या वाकड्या करंगळीकडं पाहत होती.

"आई, हे मले तुह्यापासून झालतं ना?"

दिपालीचा हात थांबला. खरं सांगावं की नाही, याचा विचार तिनं कितीतरी वेळा केला होता. पोरीच्या मनातून आजोबा उतरवायचे नाहीत, असं तिनं ठरवलंही होतं. पण त्या क्षणी तिला ते जमलं नाही.

"नाही बेटा. आबाजींपासून झालं. तुले बी, मले बी. त्याईले लय आधीपासून होतं."

समीक्षानं जरा विचार केला. "आबाजी तं म्हनते तुह्यापासून झालं."

"त्याईनं तुले सांगतलं?"

"हाव. फोनवर. म्हनते, आईवर रागावू नको, तिनं मुद्दाम नाही देल्लं." समीक्षानं संत्र्याची फोड उचलली. "मी नाही रागावली."

"समीक्षा, मी सांगते ते खरं हाय."

"आबाजी खोटं नाही बोलत," समीक्षा म्हणाली. भांडणासाठी नाही, सगळ्यांना ठाऊक असलेली गोष्ट सांगावी तसं. मग तिनं बी थुंकून टाकली आणि दुसऱ्या फोडीसाठी हात पुढं केला.

दिपालीनं फोडीवरची पांढरी शीर काढली आणि ती तिच्या हातावर ठेवली.